त्रयोदशी ते द्वितीया: काणकोणात दोघांचे पाच दिवस

काणकोणला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी राहण्याची जागा शोधतात आणि मग तारखा जुळवतात. इथे उलट करावं. आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं आणि पौष किंवा माघ अमावास्या गाठावी. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या या तालुक्यात दोन घड्याळं चालतात, एक समुद्राचं आणि एक रानाचं. पाळोळ्याच्या किनाऱ्यापासून खोतीगाव अभयारण्याचं फाटक जेमतेम बारा किलोमीटरवर आहे, त्यामुळे दोन्ही घड्याळं एकाच मुक्कामात पाळता येतात. ती न पाळणारे लोक दुपारी बारा वाजता रानात शिरतात, एक माकड बघून परततात आणि ‘खोतीगावात काही नाही’ असं सांगत फिरतात.

अमावास्याच का, तर कोकणातला जुना ठोकताळा सांगतो की तिथीला तीनने गुणून चारने भागलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावास्येला (तीस नव्हे, पंधरा धरायची) सव्वाअकरा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे अमावास्येच्या आसपास ओहोटी बरोबर संध्याकाळी पाचच्या सुमारास येते आणि ऊन उतरलेलं असताना वाळूचा रुंद पट्टा पायाखाली मिळतो. ठोकताळ्यात अर्धा-पाऊण तासाची चूक धरावी, आणि दिवसातल्या दोन भरत्या इथे सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून निघण्यापूर्वी मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता फोनमध्ये घेऊन ठेवावा. मुंबईचा तक्ता इथे लावू नये, कारण गोव्यात भरती मुंबईच्या आधी येते. उधाणातही इथला चढउतार साधारण दोन मीटरचाच. जुहूची ओहोटी डोळ्यांसमोर ठेवून आलेल्यांना तो फारच कमी वाटतो.

पौष-माघ का, तर रान तेव्हा वाळायला लागलेलं असतं. ते पुढे येईलच.

दिवस पहिला, त्रयोदशी

विमानाने येणार असाल तर दाबोळीच बघा. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला आणि काणकोण दक्षिण टोकाला. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, वर तीन तासांचा रस्ता. रेल्वेने येणाऱ्यांसाठी काणकोण स्थानक सर्वांत सोयीचं, पण तिथे निवडक गाड्याच थांबतात. बाकीच्यांना मडगावला उतरून कदंबची कारवार किंवा काणकोणची बस धरावी लागते. अंतर चाळीसेक किलोमीटरचं, पण मध्ये करमल घाट आहे, त्यामुळे सव्वा ते दीड तास धरावा. ज्याला गाडी लागते त्याने मडगावच्या स्टँडवर पोटभर भजी खाऊ नयेत.

मुक्काम कुठे करायचा, यावर मत स्पष्ट आहे: पाटणे. आगोंद जास्त सुंदर आणि लांब आहे, पण तिथून खोतीगाव गाठायला आठ-नऊ किलोमीटरचा वळणांचा रस्ता वाढतो आणि पहाटे तो नकोसा होतो. पाळोळे सोयीचं, मात्र गर्दीचं. पाटणे गुणांनी दोन्हींच्या मधलं. चावडीचा, म्हणजे काणकोणच्या मुख्य गावाचा, बाजार तीन-चार किलोमीटरवर, आणि रात्री दहानंतर लाटांखेरीज फारसा आवाज नाही.

किनाऱ्यावरच्या खोपी दिवाळीच्या सुमारास उभ्या राहतात आणि पावसाआधी मोडून ठेवतात. खांब, प्लायवूड, झापांचं छप्पर असा सगळा सुटा कारभार. पैसे देण्याआधी आत शिरून चार गोष्टी बघा. मच्छरदाणी पलंगाभोवती पूर्ण उतरते का आणि तिला भोकं किती. नळाला पाणी येतं की थेंब. जनरेटर कुठल्या बाजूला आहे. आणि समुद्राकडची पहिली रांग घ्यायची की दुसरी. पहिल्या रांगेचे पैसे जास्त असतात, पण अमावास्येच्या आसपास भरती रात्री दहा-अकराला पूर्ण येते. तेव्हा पाणी पायऱ्यांच्या बरंच जवळ येतं आणि ज्याची झोप सावध आहे तो डोळे उघडे ठेवून छप्पर बघत राहतो. दुसरी रांग घ्या. समुद्र चाळीस पावलांवरच असतो.

स्कूटर आजच ठरवून ठेवा. भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण ती खाजगी. नाक्यावर पोलिसांनी अडवलं की दंड तुम्हाला, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. ब्रेक, हॉर्न, मागचा दिवा, दोन्ही हेल्मेटांचे पट्टे तपासा आणि गाडीवर आधीच असलेल्या ओरखड्यांचा फोटो मालकासमोर काढा. पेट्रोल चावडीतच भरा, कारण पुढे रानात पंप नाही. एटीएमचं कामही तिथेच उरका.

त्रयोदशीला ओहोटी चारच्या सुमारास. सामान टाकून, आंघोळ करून साडेचारला पाटण्याच्या वाळूत उतरलं तरी सूर्यास्तापर्यंत दोन तास हातात असतात, आणि आजच्या दिवसाला एवढं पुरे. रात्री लवकर जेवून झोपायचं, उद्या साडेपाचचा गजर आहे.

दिवस दुसरा, चतुर्दशी

खोतीगाव अभयारण्य १९६८ चं, साधारण ८६ चौरस किलोमीटरचं. इथे उघड्या जीपा नाहीत, वायरलेसवर वाघाची बातमी देणारे गाईड नाहीत. ताडोब्याला जाऊन आलेल्यांनी ती सवय फाटकाबाहेर ठेवावी. रान दाट आहे, उंच आहे, आणि त्यातलं बरंचसं जगणं डोक्याच्या वर वीस-पंचवीस मीटरवर चालतं.

रस्त्याची एक गफलत आधी सांगायला हवी. ‘चार रस्ता’ नावाच्या नाक्यापासून तळपण आणि गालजीबागच्या नद्यांवरून जाणारा नवा बगलमार्ग सुटतो आणि फोनवरचा नकाशा कारवारच्या दिशेने जायचं म्हटलं की हमखास त्याच्यावर चढवतो. अभयारण्याचा फाटा मात्र जुन्या महामार्गावर, पैंगीणच्या बाजूला आहे. चावडीतून जुनाच रस्ता धरायचा. पर्तगाळीच्या अलीकडे डाव्या हाताला पाटी दिसते, तिथून फाटक दोनेक किलोमीटर. पाटण्याहून सव्वासहाला निघालात तर सावकाश पोचता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या जरा नंतर उगवतो आणि फाटकही सकाळी सातच्या सुमारास उघडतं, म्हणजे पहाटेचं काही हुकत नाही.

फाटकावर तिकीट, गाडीची नोंद, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे. सुटे ठेवा. दारू, प्लास्टिकच्या पिशव्या, स्पीकर आत न्यायचे नाहीत. निरीक्षण मनोरा आज खुला आहे का आणि एका वेळी किती जणांना चढू देतात, हे इथेच विचारून घ्यायचं. आत गेल्यावर विचारायला कोणी नसतं आणि फोनला रेंजही धड नसते. माणशी दोन लिटर पाणी आणि नाश्ता बरोबर हवा. आदल्या संध्याकाळी चावडीतून चार पोळी घेऊन ठेवलेल्या बऱ्या. पोळी म्हणजे गोव्याची पोळी, कोंड्याची, पोकळ, खिशासारखी उघडणारी. आत उकडलेलं अंडं किंवा बटाट्याची भाजी भरली की सांडत नाही आणि कागदाचा आवाजही होत नाही.

मनोरा झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, सुमारे २५ मीटर, आणि खाली पाणवठा. शिडी उभी आहे. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने उगीच प्रतिष्ठेसाठी चढू नये. खालच्या झाडीतही तितकंच दिसतं. कठड्यावर किंवा फांदीवर हात टेकण्याआधी बघायचं, कारण हिरवा चापडा हा विषारी साप पानांत पान होऊन तासन्तास तसाच बसतो.

आता बसायचं कसं. निदान दीड तास. पहिली वीस मिनिटं तुमच्या येण्याने रान गप्प झालेलं असतं, आणि बरेच लोक नेमके एवढ्यातच कंटाळून उतरतात. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला पहिल्यांदा बुलबुल बोलायला लागतात. त्यांत काळं डोकं, पिवळं अंग आणि गळ्याशी शेंदरी डाग असलेला दिसला तर तो गोव्याचा राज्यपक्षी. मग कुठूनतरी दाणे खुळखुळल्यासारखी कर्कश लकेर येते, तो शेकरू. आवाजाच्या दिशेने थेट प्राणी शोधू नका, आधी घरटं शोधा: दुबेळक्यात अडकवलेला पानाकाड्यांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, म्हणून घरटं दिसलं म्हणजे आत तो असेलच असं नाही, पण त्याची ये-जा त्याच झाडांवरून असते. भीमाशंकरला ज्यांनी त्याला पाहिलंय त्यांना इथला शेकरू रंगाने गडद वाटेल.

धनेश आवाजावरून आधी कळतो. मोठ्या धनेशाच्या पंखांचा आवाज जुन्या वाफेच्या इंजिनासारखा फुसफुसत डोक्यावरून जातो. कवड्या धनेश जास्त वेळा दिसतो. फळलेलं वडा-पिंपळाच्या जातीचं झाड सापडलं की त्याच्याखालीच थांबावं. दुर्बीण ८×४२ ची हवी. १०× ची घेऊन येणाऱ्यांचा इथे घोटाळा होतो: हात जितका हलतो तितकं चित्र जास्त थरथरतं आणि झाडीतल्या कमी उजेडात ते काळपट दिसतं.

पाणवठ्याचं गणित साधं आहे. पाऊस संपल्यावर डिसेंबरपर्यंत जंगलात जागोजागी ओहळ वाहतात, जनावराला मनोऱ्याखालच्याच पाण्यावर यायचं काही कारण नसतं. जानेवारीअखेरपासून ओहळ आटतात आणि पाणवठ्याची किंमत वाढते. म्हणून नाताळच्या सुट्टीत आलेल्यांना रिकामा पाणवठा दिसतो. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि दिसला तर बहुधा सकाळी नऊच्या आत किंवा चारच्या नंतर. गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे, वरती काळं धूड. स्कूटरवर असताना समोर आला तर पन्नास मीटरवर थांबा, इंजिन बंद करू नका, हॉर्न अजिबात नको, आणि त्याला रस्ता ओलांडू द्या. एकटा नर असला तर आणखी मागे व्हा. भेकर, रानडुक्कर, पिसोरी यांचं नशिबावर. अस्वल आणि बिबट्या आहेत, पण ते दिसतील असं कोणी सांगितलं तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका.

दहाच्या सुमारास मनोरा सोडायचा आणि मग खरी गंमत बघायची. ऊन तापलं की उडता सरडा बाहेर येतो. त्यासाठी रान सोडून परतीच्या वाटेवरच्या पोफळीच्या बागा, म्हणजे इथली कुळागरं, रस्त्याकडेने न्याहाळा. बांधावर पाय ठेवायचा तर घरमालकाला विचारून. हा सरडा शेपटीसकट वीतभर, रंगाने पोफळीच्या सालीसारखा करडा, आणि खोडाला चिकटून बसला की तीन हातांवरूनही दिसत नाही. नजर खोडावर ठेवून पिवळं काहीतरी लुकलुकतंय का ते बघायचं. नर गळ्याखालची लिंबासारखी पिवळी पिशवी पुढे काढतो, आत घेतो, पुन्हा काढतो. एकदा ती दिसली की सरडा सुटत नाही. तो खोडावर मुंग्या वेचत वर चढत जातो आणि पुरेसा वर गेला की मान उचलून समोरच्या झाडाचा अंदाज घेतो. मग उडी. लांबलेल्या बरगड्यांवरची कातडी दोन्ही बाजूंनी छत्रीसारखी ताणली जाते, तो तिरका खाली घसरतो आणि शेवटच्या क्षणी तोंड वर करून पुढच्या खोडावर अलगद चिकटतो. पंख मिटले की पुन्हा साल. सकाळी सातला थंड खोडावर तो दिसत नाही, कारण अंग तापल्याशिवाय त्याला हलताच येत नाही. तेव्हा नऊ ते अकरा हीच वेळ.

अभयारण्याच्या आत वाड्या आहेत. वेलीप आणि कुणबी समाजाची माणसं इथे अभयारण्य जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून राहतात. २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेलीप समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. घरं, देवराया, स्मशानं यांचे फोटो न विचारता काढू नयेत. कुस्क्याचा धबधबा फेब्रुवारीत बहुतेक सुकलेला असतो. तेवढ्यासाठी शेवटपर्यंत गाडी तापवण्यात अर्थ नाही.

पायांची काळजी: जळवा पावसाळ्याबरोबर जातात, पण डिसेंबर ते मे गोचिडांचा हंगाम. दोडामार्ग आणि सत्तरी भागात माकडताप होऊन गेलेला आहे, तेव्हा पाचोळ्यात बसू नये, विजार मोज्यात खोचावी, खोलीवर गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग नीट तपासावं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता फाटकावर सांगावं. पुढच्या आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

अमावास्या माघातली असेल तर आजची चतुर्दशी म्हणजे महाशिवरात्र. मग श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाला मोठी गर्दी असते. रानातून दुपारी परतताना त्या रस्त्याने जायचं की नाही ते आधी ठरवा. याच देवळाची शिशारान्नी, म्हणजे तिघांच्या डोक्यांच्या चुलीवर भात शिजवण्याचा विधी, फाल्गुनात आणि एक वर्षाआड असते. या सहलीत ती सापडत नाही.

दिवस तिसरा, अमावास्या

आज गजर नाही. लोळायचं.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलच्या हॉर्नचा पोंक-पोंक करत जातो, त्याला थांबवून गरम पोळी घ्यायची. पोहायचं तर भरती पूर्ण यायच्या आत, नऊ-साडेनऊला, आणि जीवरक्षकाने लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसतो, तो पट्टा सर्वांत फसवा. पाणी आत ओढून नेणारा प्रवाह तिथूनच जातो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचं आणि मग लाटांबरोबर आत. आगोंदला किनारा एकदम उतरता असल्याने ही ओढ जास्त असते.

दुपारचं जेवण किनाऱ्यावर न करता चावडीत. थाळीच्या खानावळीत शिरल्यावर यादी मागू नका, ‘आज कसलें नुस्तें?’ एवढं विचारा. पुढे इसवण म्हणजे आपली सुरमई, तारले, लेपो, मुड्डोशी, तिसऱ्या अशी नावं येतील. बांगड्याच्या हुमणात तिरफळं असतील तर ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये रात्री बर्फावर मांडलेला मासा घेताना भाव किलोचा की प्लेटचा, आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे आधी विचारून घ्यावं. बिलावरचे निम्मे वाद यातूनच होतात. लाल रेशाद मसाल्याची चव आवडली तर बाजारात खोला मिरची शोधा. ती याच तालुक्यातल्या खोल्याच्या डोंगरउतारावर पावसाळ्यात पिकते आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. रंग भडक, तिखटपणा बेताचा. बाजारात तिच्या नावाखाली दुसरीही मिरची खपते. अस्सल मिरची भाव करू देत नाही.

संध्याकाळी पाळोळे. ओहोटी पाच-सव्वापाचला. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला एक झाडीचं बेट आहे. उधाणाच्या ओहोटीला तिथे चालत जाता येतं. साधारण सव्वाचारला निघायचं, मधली खाडी गुडघ्याच्या वर नसताना ओलांडायची आणि सव्वासहाच्या आत परत यायचं. खडकांवर कालवांच्या कवचांची धार असते, अनवाणी गेलात तर तळवा चिरतो. पट्ट्याची सँडल घाला, चप्पल चिखलात रुतून राहते. सूर्यास्त बेटावरूनच बघायचा हट्ट दरवर्षी कोणाला ना कोणाला महागात पडतो: साडेसहाला सूर्य बुडतो, सातला अंधार, आणि तोवर मघाशी गुडघ्याएवढं असलेलं पाणी कमरेशी आलेलं असतं.

दिवस चौथा, प्रतिपदा

आजचा दिवस गालजीबागचा. आता मात्र बगलमार्गच घ्यायचा.

सुरूच्या बनामागे पसरलेला हा किनारा तळपण आणि गालजीबाग या दोन नद्यांच्या मुखांमध्ये आहे. खोपी जवळपास नाहीत, दिवे नाहीत, आणि त्याला कारण आहे. आगोंद, गालजीबाग आणि उत्तरेत मोरजी, मांद्रे या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळास-आंजर्ल्याला ज्यांनी पिल्लं समुद्रात जाताना पाहिलीत त्यांना इथली पद्धत ओळखीची वाटेल, फक्त इथे कारभार वनखात्याकडे आहे आणि महोत्सव नाही.

सकाळी आठला पोचून ओल्या वाळूच्या वरच्या कडेने चालत जा. रात्री मादी आली असेल तर ट्रॅक्टरचं एकच चाक गेल्यासारखा दोन-अडीच फुटी माग दिसतो. डाव्या-उजव्या वल्ह्यांचे ठसे समोरासमोर नसून आलटून-पालटून असतात, ही रिडलेची खूण. दोन माग असतील, एक वर जाणारा, एक खाली येणारा, आणि मध्ये उकरलेली जागा असेल तर बहुधा घरटं आहे. तिथे पाऊल टाकायचं नाही, काठी खुपसायची नाही. कोणी पहारेकरी दिसला तर दाखवायचं.

जाळीच्या कुंपणात हलवलेली घरटी असतात आणि प्रत्येकाला पाटी: अंडी मिळाल्याची तारीख, अंड्यांची संख्या. संख्या बहुधा शंभराच्या आसपास. खड्डा हातभर खोल, कारण मादीचं मागचं वल्हं तेवढंच पोचतं. पाटीवरच्या तारखेत ४५ ते ६० दिवस मिळवले की पिल्लं निघण्याचा काळ कळतो. समजा ५ जानेवारी लिहिलंय, तर पन्नासावा दिवस २४ फेब्रुवारी. वाळू जितकी गरम तितके दिवस कमी, आणि गरम वाळूत माद्या जास्त निघतात, गार वाळूत नर. म्हणून घरट्यांवर सावली धरायची की नाही हा वरवर दिसतो तितका साधा प्रश्न नाही.

यातला पेच लक्षात घ्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आलात तर माग आणि घरटी दिसतील, पिल्लं क्वचित. पिल्लांसाठी मार्चचा मध्य ते एप्रिल, पण तेव्हा रान तापलेलं आणि दमट. दोन्ही पूर्ण मिळत नाही. आमचं झुकतं माप फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याला, म्हणजे माघ अमावास्या त्या सुमारास येईल त्या वर्षाला. पिल्लं सोडण्याची वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची असते. दिवसा पहारेकऱ्याला विचारून ठेवायचं आणि बोलावलं तरच जायचं. फोनचा दिवा नको, फ्लॅश अजिबात नको. पिल्लू अंधारात जी बाजू जास्त उजळ तिकडे सरकतं. मोकळ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते, पण पाठीमागे कोणी टॉर्च धरला की पिल्लं वळून सुरूच्या बनाकडे चालू लागतात आणि तिथे कुत्रे, कावळे, खेकडे वाट बघत असतात.

आज भरती बारा-साडेबाराला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ओहोटी आणि नद्यांचं पाणी मुखातून जोरात बाहेर पडतं. म्हणून दुपारनंतर गालजीबागच्या दोन्ही टोकांना पाण्यात उतरायचं नाही, कितीही शांत दिसो. हीच ओहोटी नदीत मात्र कामाची: उघड्या पडलेल्या वाळूत बायका तिसऱ्या वेचताना दिसतात. इथली कालवं नावाजलेली. आधी सांगून ठेवलं तर दुपारच्या जेवणात मिळतात. कालवं शिजवलेलीच खा, लिंबू पिळून कच्ची गिळायची हौस नदीमुखाच्या मालावर नको.

परतताना पर्तगाळीचा मठ. कुशावतीच्या काठी, गौड सारस्वत वैष्णवांची जुनी गादी. पूर्ण कपडे हवेत, किनाऱ्यावरची अर्धी विजार चालत नाही. काबो द रामचा किल्ला या पाच दिवसांत बसतो, पण बसवू नये. तो उत्तरेला आगोंदच्याही पलीकडे आहे, आणि दोघांनी निवांत यायचं ठरवून मग रोज साठ किलोमीटर स्कूटर हाणायची यात काही अर्थ नाही.

किनाऱ्यावर बसून बाटली उघडायचा विचार असेल तर २०१९ पासून त्याला दंड आहे. शॅकमध्ये बसून प्यावं. मार्चनंतर आलात तर काजूचा उराक मिळतो. तो फेणीपेक्षा सौम्य असतो, पण त्याच्यावर स्कूटर चालवण्याइतका नाही.

दिवस पाचवा, द्वितीया

गाडी दुपारची असेल तर पुन्हा एकदा खोतीगाव. या वेळी मनोरा नाही, फाटकाजवळच्या छोट्या पायवाटांपैकी एकच, सात ते नऊ. ज्यांना पहाटेचा रस्ता नको त्यांनी चौथ्या रात्रीच फाटकाशेजारी वनखात्याच्या खोलीत मुक्काम हलवावा. सोय साधी असते, नोंदणी आधी करावी लागते, पण रात्रीचं रान ऐकायला मिळतं. उडत्या खारी रात्रीच हलतात, आणि दिव्याच्या उजेडात लाल चमकणारे दोन बारीक डोळे फांदीवरून अगदी सावकाश सरकले तर तो लाजवंती, म्हणजे स्लेंडर लोरिस, असू शकतो. पाठलाग करू नका.

नऊला निघून दहाला पाटणे. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, सँडलमधली वाळू झटकून. स्कूटर परत देताना पहिल्या दिवशीचे ओरखड्यांचे फोटो उघडून ठेवा आणि अनामत हातात पडल्यावरच किल्ली द्या. काणकोण स्थानकावर खायला फार काही मिळत नाही. चावडीत थांबून दोन बन आणि सुकी भाजी बांधून घ्या. मिरच्या घ्यायच्या राहिल्या असतील तर त्याही तिथेच.